रिकामी आलेली 'फिद्रा'

देवमाशांच्या शिकारीहून 'फिद्रा' भरून येतेय की रिकामी, हे ती नदीच्या मुखाशी असतानाच स्कॉटलंडमधल्या डंडी गावाला कळायचं. ज्या देवमाशाने तेलाचं शेवटचं पिंप भरलं, त्याच्या जबड्याची हाडं खलाशी डोलकाठीला बांधत. हाडं दिसली की धक्क्यावरच्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. गिरणीवाल्यांनाही आनंद व्हायचा, कारण ताग मऊ करायला देवमाशाचंच तेल लागे. आणि काठी बोडकी दिसली, की पुढचा सगळा हिवाळा ओटच्या पेजेवर काढायचा, हे न सांगता ठरलेलं असे.

'फिद्रा' हट्टी होती. अंगाला लाकडाचे तीन थर, नाकावर लोखंडी पत्रे. उत्तरेच्या बर्फाने तिला दोनदा चिमटीत धरलं होतं. एकदा तर तिच्या बरगड्या अशा करकरल्या, की सगळे आपापली गाठोडी घेऊन बर्फावर उतरले आणि ती बुडायची वाट बघत उभे राहिले. ती बुडली नाही. संध्याकाळी सगळे खाली मान घालून परत चढले. ही गोष्ट गिरणीत माग चालवणाऱ्या ग्रिझेलचे वडील, नीनियन गेडीस, दर नाताळात सांगत आणि दर वेळी जहाजाची बाजू घेऊन सांगत.

नीनियन 'फिद्रा'वरचा भालाईत. लहान होडीच्या नाकावर उभं राहून देवमाशात पहिला भाला रुतवायचा, हे त्याचं काम. ग्रिझेलची आई म्हणायची, "तुझी लग्नं दोन झालीत, नीनियन. माझ्या वाट्याला नुसता हिवाळा आलाय." तो हसायचा. पण तागाची धूळ छातीत साचून ती गेली, तेव्हा तिच्या उशाशी बसून त्याने ग्रिझेलदेखत शब्द दिला होता, की जिवंतपणी उन्हाळे दिले नाहीत, मेल्यावर सगळे ऋतू तुझ्याशेजारी काढीन. चर्चच्या आवारात तिच्या डाव्या बाजूची जागा त्याने त्याच आठवड्यात राखून ठेवली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात 'फिद्रा' भरून आली. कित्येक वर्षांत अशी भरली नव्हती. ग्रिझेलने गिरणीच्या खिडकीतून ती हाडं पाहिली आणि शेजारच्या मागावरच्या बेथियाला ओठांनीच सांगितलं, कारण मागांच्या खडखडाटात आवाज कुणाला ऐकू जातच नसे. सुट्टीचा भोंगा होताच दोघी हॅट सावरत धक्क्यावर पळाल्या. ग्रिझेल गर्दीत ओरडत होती, "भरलीय! भरलीय!"

बेथियाचा नवरा लॉरी सगळ्यांत आधी उतरला. तो नीनियनच्याच होडीत वल्हं मारायचा. बायकोकडे न बघता तो ग्रिझेलसमोर आला आणि त्याने टोपी काढली.

शेवटचा देवमासा नीनियननेच मारला होता. मरतामरता त्या माशाने शेपूट आपटली आणि होडीचा पुढचा भाग फोडला. नीनियन दुसऱ्या दिवशी गेला. घरी नेण्यासाठी त्याला बर्फात ठेवलं होतं. पण परतीची वाट लांबची, ऊन वाढत चाललेलं, आणि मिठात घालून न्यायला एकही पिंप मोकळं नव्हतं. शेवटचं पिंप त्याच माशाने भरलं होतं. मग एका बेटाच्या किनाऱ्यावर त्याला ठेवून वर दगड रचले.

कॅप्टन ड्रमंड स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, तिथं काही कुजत नाही. पुढल्या सफरीत मी त्याला घेऊन येईन. एक पिंप त्याच्या नावाचं."

त्या महिन्यात गिरणीत नवं तेल आलं. "कुठल्या जहाजाचं?" ग्रिझेलने विचारलं.

"नको विचारूस," बेथिया म्हणाली.

ग्रिझेलने पुन्हा विचारलं नाही. काही दिवस ती तेल हाताला लागू नये म्हणून बाह्या तळहातावर ओढून माग चालवत राहिली. मुकादम ओरडला, तेव्हा तिने बाह्या वर केल्या.

वसंतात 'फिद्रा' गेली. ग्रिझेलने चर्चमधल्या माणसाला कुठे खणायचं ते दाखवून ठेवलं. शवपेटीसाठी सुताराला वडिलांची उंची सांगितली, तर तो म्हणाला, "एवढा लांब? माझ्याकडच्या फळ्याच पुरायच्या नाहीत." तिने त्याला लांब फळ्या मागवायला लावल्या.

पानगळ सुरू झाल्यावर जहाज आलं. काठी बोडकी होती. धक्क्यावर कुणी कुणाशी बोलेना. एका बाईने शालीचा पदर तोंडावर ओढला. बेथियाने वळून पाहिलं, तर ग्रिझेल हसत होती.

"हसतेस?" बेथियाचा आवाज चिरका झाला. "इथं सगळ्यांच्या चुली विझायची वेळ आलीय, आणि तुला दात काढायला सुचतंय?"

"पिंपं रिकामी आहेत, बेथिया."

बेथिया तिच्याकडे बघत राहिली. मग तिने ग्रिझेलचं मनगट धरलं. "चल, पुढं उभी राहू. एऽ बाजूला व्हा की! हिला वाट द्या."

लॉरी उतरला. टोपी त्याने आधीच काढलेली होती.

"बर्फ फुटलंच नाही, पोरी. बेटाभोवती नुसता कोट झाला होता. आम्ही चौघं चालत निघालो, तर मधे पाणी. होडी ओढत नेली, तर ती अडकली. दुर्बिणीतून दगड दिसत होते. जसे रचले तसे आहेत."

"पुढल्या वर्षी जाल?"

लॉरीने बायकोकडे पाहिलं.

"सांग तिला," बेथिया म्हणाली. "मेल्या, सांग. पुढल्या वर्षी जाल ना?"

"वाटेत लेरविक बंदरात तार आली होती. मालकांनी 'फिद्रा' मोडीत काढलीय. तिकडे आता देवमासे उरले नाहीत, म्हणतात. कुणी दुसरंही जहाज त्या बाजूला धाडणार नाही."

ग्रिझेल जहाजाकडे वळली. मग म्हणाली, "पिंप कुठाय?"

"कशाला बघतेस ते?"

"लॉरीकाका, पिंप दाखवा."

खाली जहाजाच्या पोटात सगळी पिंपं रचून बांधलेली होती. एकच वेगळं उभं होतं. जहाजावरचं सगळ्यात मोठं. आतून घासून इतकं धुतलं होतं, की तेलाचा वास नव्हता. शेजारी मिठाची पोती. लॉरी कंदील धरून म्हणाला, "कॅप्टननी एकाही माणसाला हात लावू दिला नाही. मासा मिळाला असता, तरी यात काही भरलं नसतं."

ग्रिझेल जवळ गेली. पिंपाचा काठ तिच्या छातीशी आला. तिने आत वाकून पाहिलं. घरात शिरताना वडिलांना दाराखाली मान वाकवावी लागे.

"बाबा यात कसे बसले असते?"

लॉरीने कंदील पिंपाच्या तोंडावर धरला. "गुडघे दुमडून."

"आणि मान?"

"लॉरी, गप बस," बेथिया म्हणाली.

"नाही, बोलू दे त्यांना. मान?"

"मानही. बांधावं लागतं, पोरी. आधी घट्ट बांधायचं, मग मीठ."

वरून कुणी तरी लॉरीला हाक मारली. त्याने ओ दिली नाही.

"आणि तिकडे?" ग्रिझेलने विचारलं. "तिकडे कसं ठेवलंत?"

"पाठीवर. शिडाच्या कापडात. लांबलचक निजवलं बघ. त्याच्या लांबीला पुरतील एवढे दगड मिळेनात, तर आम्ही दुपारपर्यंत किनाराभर वेचत हिंडलो."

"पाय सरळ होते?"

"सरळ."

"पूर्ण सरळ?"

"पूर्ण सरळ, पोरी."

ग्रिझेलने मान हलवली. पिंपाचं झाकण शेजारी पडलं होतं, ते उचलून तिने नीट काठावर बसवलं, आणि त्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "मग असू दे," ती म्हणाली. "असू दे तिथंच." पुढचं बोलताना तिचा आवाज फुटला. "पण आईला काय सांगू, लॉरीकाका? तिला जाऊन मी काय सांगू?"

लॉरीने कंदील खाली ठेवला. बेथियाने तिला कुशीत ओढून घेतलं.