चाळीस नंबरचा बिल्ला

मित्रांनो, भिंतीवरच्या जुन्या फळीची विचारपूस कोण करणार? म्हणून माझी कहाणी मीच सांगते.

एका सुताराने मला चांगल्या सागवानातून घडवलं आणि वस्तीच्या सभागृहात टांगलं. माझ्या मधल्या खुंट्यांवर चौसष्ट घरांचे चौसष्ट पितळी बिल्ले होते. सभेत ठराव आला, की प्रत्येक घरातलं एक माणूस उठे, आपला बिल्ला काढी आणि मान्य असेल तर उजवीकडे, नसेल तर डावीकडे अडकवी. काय ती भांडणं! कासार नि त्याचा सख्खा मेहुणा तर एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण सभा चुकवत नसत. बिल्ले हातात राहून उबदार झालेले असत आणि ती ऊब मला आवडे.

पुढे रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने आपला बिल्ला वहिनीकडे दिला. ती आधी त्याला विचारून येई आणि घरी जाऊन सगळं सांगे. त्यात काही वावगं नव्हतं. मग एकेकाने तीच युक्ती उचलली, पण वहिनीऐवजी चिटणिसांना गाठलं. "यंदापुरतं तुम्हीच बघा," एवढं म्हणून जो तो मोकळा झाला, शेवटी ती वहिनीसुद्धा. चिटणीस सज्जन होते, नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

ते यंदा कधी संपलंच नाही.

आता दुपारी चारला चिटणीस एकटेच येत. चौसष्ट रिकाम्या खुर्च्यांना विचारत, "कोणाला काही बोलायचंय?" घड्याळाकडे पाहून मिनिटभर थांबत आणि वहीत लिहीत, 'चर्चा झाली.' मग गार बिल्ले एकेक करून उजवीकडे सरकत. ते गेल्यावर खिडक्या बंद असूनही बिल्ले किणकिणत राहत. मला तेव्हा फार भीती वाटे.

एका सभेला मात्र दार वाजलं. शिंपीणबाई आली होती, गळ्यात माप घेण्याची फीत तशीच. नाल्यावरचा पायपूल पाडायचा ठराव होता. तिची लेक कुबडी घेऊन त्याच पुलावरून शाळेत जाई. पूल गेला तर ट्रकच्या रस्त्याने मोठा वळसा होता.

चिटणिसांनी बिल्ले आधीच हलवले होते. सगळेच्या सगळे उजवीकडे.

"यात सत्तावीस नंबर माझा आहे," ती म्हणाली. "माझ्याच हाताने माझ्या पोरीचा पूल पाडता?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, यंदापुरतं बघा. सात वर्षं झाली. परत मागितलात कधी?"

तिने इतर बिल्ल्यांवरून बोट फिरवलं आणि एकावर थांबली.

"हे चाळीस नंबरचे आजोबा तर वारले की, चार वर्षांपूर्वी. घराला कुलूप आहे."

"आजोबा वारले हो," चिटणीस शांतपणे म्हणाले, "बिल्ला कुठे वारलाय?"

शिंपीणबाईने आपला बिल्ला काढून डावीकडे लावला. मग खुर्च्यांकडे तोंड करून बोलायला लागली, लेकीबद्दल, ट्रकांबद्दल. कितीतरी वेळ बोलली बिचारी. शपथेवर सांगते, मागची एक खुर्ची करकरली, पण तिथे कोणी नव्हतं. चिटणिसांनी लिहिलं, 'त्रेसष्ट विरुद्ध एक.'

जाताना तिने सत्तावीस नंबर पदरात बांधून नेला.

पूल पडला. आता ती रोज शिवण अर्धवट टाकून लेकीला ट्रकच्या रस्त्याने पोचवते. वस्तीतली माणसं हळहळतात, "अरेरे, पूल पाडला तरी कोणी?" त्या सगळ्यांचे बिल्ले तेव्हा माझ्या उजव्या खुंट्यांवर होते.

मित्रांनो, आजारपण येतं, कामं असतात, तेव्हा आपला बिल्ला दुसऱ्याकडे जरूर द्या. पण तो कुठल्या बाजूला गेला, हे घरी बोलावून विचारा, आणि पटलं नाही तर परत मागा. मी लाकूड आहे, मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.

परवा शाळेला जायचा हा उरलेला रस्ताही बंद करायची सभा आहे. शिंपीणबाई दारोदार फिरते आहे, आणि लोक तिला म्हणतात, चिटणीस बघतील. इकडे चाळीस नंबरचा बिल्ला मात्र सकाळपासून आपोआप हलतो आहे. एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदाच तो डावीकडे ओढ घेतो आहे.