हलकेबाबांचा शून्यपाव

"अहो बाई, पाय काढा ना माझ्या पायावरून! सात किलो कमी झालेत म्हणता, मग ते सगळे माझ्या अंगठ्यावर कसे?"

माझ्या थोरल्या बहिणीच्या मागे रांगेत उभी असलेली बाई हळूच कुरकुरली. ताईनं दचकून पाय काढला, माफी मागितली आणि माझ्याकडे न बघता पुन्हा मंचाकडे बघायला लागली. गेले सहा आठवडे ती माझ्याकडे न बघण्यात फार तरबेज झाली होती.

हॉल खच्चून भरला होता. तीनशे बायका आणि बायकांनी दंडाला धरून आणलेले पंधरावीस पुरुष. प्रत्येकाच्या हातात एक पांढरी कापडी पिशवी, पिशवीत पावाचे सहा स्लाइस. दिवसभराचं अन्न तेवढंच. मंचावर गोदामात असतो तसला उभं राहायचा काटा, त्याच्यापुढे कमरेइतका उंच चकचकीत कठडा, मंचाच्या फळ्यांना स्क्रूनं पक्का बसवलेला. भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. आणि काट्याशेजारी साक्षात हलकेबाबा. गालाला चिकटलेला माइक, पांढराशुभ्र सदरा. सदऱ्याचं तिसरं आणि चौथं बटण अगदी जिवावर उदार होऊन तग धरून होतं. मी कपडे उसवून-आवळून देण्याचं दुकान चालवते, त्यामुळे माझी नजर माणसाच्या चेहऱ्याआधी बटणांवर जाते. काय करणार!

"पावात काय दिसतं?" बाबांनी एक स्लाइस दिव्यासमोर धरला.

"भोकं!" हॉल गरजला.

"भोकात काय असतं?"

"शून्य!"

"शून्य खाल तर कुठे जाल?"

"शून्याकडे!"

शून्याकडे म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी विचारणार होते, पण ताईनं मला कोपरानं ढोसलं.

नियम दोनच होते, पण कडक. दिवसाला सहा स्लाइस आणि तोंडातून 'भूक' हा शब्द काढायचा नाही. तो शब्द उच्चारला की पावातलं शून्य फुटतं, असं बाबांचं शास्त्र. त्यामुळे पाटीवर उतरलेलं वजन जिच्या कपड्यांत दिसत नसे, तिला वाटे, आपणच कधीतरी झोपेत बरळलो असणार. कुठलीच बाई हे दुसरीला सांगत नसे.

मला मात्र कळत होतं, कारण त्या सगळ्या माझ्याकडे येत. आधी वाजतगाजत यायच्या, "कंबर दोन इंच आत घ्या हो, सैल पडायला लागलंय!" मी माप घेई. टेप मुकाट्यानं जुनाच आकडा दाखवी. पण बाबांच्या पाटीवर पाच किलो गेलेल्या बाईला पाच फुटांच्या टेपवरून खोटं पाडायचं कसं? मी आवळून देत असे, शिवणीतलं जादा कापड, आतली माया, मात्र कापत नसे. आठवडाभरात तीच बाई दुपारच्या सामसुमीत मागच्या दारानं येई. "जरा उसवून द्या. धुतल्यावर आटला वाटतं." एका महिन्यात आमच्या गावातलं एवढं कापड आटलं, की पाण्यातच काही दोष असावा.

आणि मी गप्प होते, याला आणखी एक कारण होतं. त्या पांढऱ्या पिशव्या. बाबा सांगत, डोंगरावरच्या मौनी साधकांनी त्या हातानं शिवल्यात. त्या मी शिवल्या होत्या, उशीच्या अभ्र्यांच्या उरलेल्या कापडातून, रेडिओवर मोठ्यानं गाणी लावून. माझ्या आयुष्यात मी मौन पाळलेलं कुणी ऐकलं नाही.

पण ताईची गोष्ट चेष्टेची नव्हती. तिचा उजवा गुडघा पार झिजलाय. जिना उतरताना ती लहान मुलासारखी बसून उतरते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठ किलो कमी करून या, मग ऑपरेशन करू. सोमवारी तिचं तिथं वजन होणार होतं. नाही उतरलं तर तारीख जाणार, आणि पुढची तारीख वर्षाअखेरीची. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी तिला एक कागद लिहून दिला होता. तो फ्रीजवर चिकटवून तिनं त्यावर बाबांचा फोटो लावला होता.

बाबांच्या पाटीवर ताई सगळ्या हॉलमध्ये पहिली होती. दुसऱ्या कुणाचे चार गेले, कुणाचे पाच, हिचे सात! बाबा तिला 'आदर्श साधिका' म्हणत. तिचा निळा ड्रेस मात्र माझ्याकडे दोनदा उसवायला आला होता.

त्या दिवशी तिला हॉलपर्यंत आणायला मी एकटी पुरले नसते, म्हणून वन्संना घेतलं होतं. वन्सं म्हणजे माझी नणंद. पार्सल ऑफिसच्या खिडकीवर बावीस वर्षं काटा सांभाळतात. त्या भरपेट जेवून आल्या होत्या आणि ते त्यांनी रांगेत तीनदा सांगितलं होतं.

"आदर्श साधिका!" बाबांनी पुकारलं.

ताई आमच्या खांद्यांवर रेलत मंचावर चढली. आम्ही खाली उतरून पायरीशी थांबलो.

"पहिल्या दिवशी आठवतं? हात जोडून, ताठ उभ्या राहिलात. किती होतं?"

"त्र्याऐंशी," ताई म्हणाली.

"आज कठडा धरा. टाचा सैल. डोळे मिटा. सगळा जडपणा तळहातातून सोडा... सोडा... सोडा..."

ताईनं कठडा धरला. दुखरा गुडघा वाचवायला ती सवयीनं त्याच्यावर रेललीच. पाटीवरचे आकडे थरथरले आणि स्थिरावले. पंचाहत्तर पूर्णांक नऊ.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी रडायलाच लागलं. आणि त्या कडकडाटात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला.

"हात काढा!"

वन्संनी ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. बावीस वर्षं खिडकीवर त्या दिवसातून शंभरदा हेच ओरडतात, कारण लोक पार्सल काट्यावर ठेवतात आणि खालून दोन बोटांनी हळूच मायेनं उचलून धरतात. काट्याजवळ हात दिसला की वन्संच्या तोंडून ते निघतंच.

ताई बिचारी आज्ञाधारक. तिनं झटकन हात काढले.

चौऱ्याऐंशी पूर्णांक एक.

हॉलमधल्या टाळ्या हवेतच राहिल्या.

"शंका!" बाबा गरजले. "शंकेचं वजन आहे हे! मंचावर कुणीतरी शंका आणलीय!"

"शंका आठ किलोची?" वन्सं म्हणाल्या. "एवढी मोठी शंका मला कधी आलीच नाही. ताई, उतरा तुम्ही, जपून. जरा मी चढते." आणि त्या पर्स माझ्या हातात कोंबून काट्यावर चढल्या. "बायांनो, मी तुमचा पाव चाखलेलासुद्धा नाही. आत्ता जेवून आलेय, वर दोन केळी खाल्लीत. हे बघा, हात जोडले. किती?"

"एकसष्ट," पुढची रांग म्हणाली.

"आता कठडा धरते. जडपणा सोडते."

"बावन्न!"

"घ्या! तुम्हाला सहा आठवडे लागले, मी उभ्या उभ्या नऊ किलो घालवले. केळ्यांचा प्रताप!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. वन्सं नाही हसल्या. त्यांनी काट्यावरून उतरून कठडा गदागदा ओढला. काट्याला धक्कासुद्धा लागला नाही.

"हा कठडा काट्याचा नाही, मंचाचा आहे. याच्यावर जेवढा भार टाकाल, तेवढा फळ्यांत जातो, काट्याला दिसतच नाही. ज्याचा गुडघा जास्त दुखतो तो जास्त रेलतो, म्हणून त्याचं वजन जास्त उतरतं. यात चमत्कार कसला, नुसता टेकू आहे."

"यंत्राचा अपमान!" बाबा म्हणाले. "हा पाव साधा नाही. ह्या पिशव्या मौनी साधकांनी..."

"मी शिवल्यात," मी म्हणाले.

माझं मला कळलं नाही मी कधी मंचावर चढले ते. "मी शिवल्यात त्या पिशव्या. उशीच्या कापडाच्या. पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतला आहे, बेकरीची पोरं माझ्याच दुकानात येऊन पिशव्या भरून जातात. आणि तुमचे कपडे आटलेले नाहीत. एकीचेही नाहीत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. चुकलं माझं." श्वास घ्यायला थांबले, पण आता गप्प बसवेना. "पावात पीठ असतं, पाणी असतं, मीठ असतं. त्यानं माणूस बारीक होत नाही आणि दोन स्लाइसनं कुणाचं वाटोळंही होत नाही. काय आणि किती खायचं ते डॉक्टरांना विचारा, टेपला विचारा, ह्यांना नको. आणि कुणीही आकडा दाखवला, तर आधी बघा हात कुठे आहेत. सोमवारी दवाखान्याच्या काट्याला कठडा नाहीये हो!"

शेवटचं वाक्य मी हॉलला सांगत नव्हते. ताईला सांगत होते. ती कठड्याजवळ मंचाच्या काठावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

बाबांनी शेवटचा डाव टाकला. माइकमध्ये त्यांचा आवाज फाटला. "खरं सांगा! तुमच्यापैकी कुणीतरी तो शब्द उच्चारलाय! म्हणून शून्य फुटलं! कोण आहे ती?"

तीनशे बायका खाली बघायला लागल्या. जिच्या अंगठ्यावर ताई उभी राहिली होती ती बाईसुद्धा पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत बसली. प्रत्येकीला वाटत होतं, आपणच ती.

ताईनं कठड्याचा आधार घेतला आणि सावकाश उभी राहिली. मग तोही सोडला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिनं सरळ माझ्याकडे बघितलं.

"मी अजून उच्चारला नव्हता," ती म्हणाली. "बाबांचे सहा स्लाइस दुपारपर्यंत संपतात. मग संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून मी उभ्यानं, डब्यात हात घालून, मिळेल ते खाते. चोरासारखी. आणि रात्री स्वतःलाच शिव्या देते." तिनं पिशवी काट्यावर ठेवली. "मला भूक लागते गं. रोज लागते."