बारावं नाव

जयाताईंच्या यादीत बारा बायका होत्या. मांजरी गावात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करणारं शिबिर झालं, त्यात या बाराजणींना कर्करोगाचा धोका वाढवणारा विषाणू निघाला होता. विषाणू म्हणजे कर्करोग नव्हे, पण दुर्बिणीतून पुढची तपासणी व्हायलाच हवी. ती करवून घ्यायचं काम जयाताईंकडे आलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या नर्सकडे दवाखान्यातली अशी कामं आपोआप चालत येतात.

शिबिराच्या अर्जावर बहुतेकींनी नवऱ्याचा नंबर दिला होता. निकाल बाईखेरीज कुणाला सांगायचा नाही हा नियम, आणि कशासाठी ते कळल्याशिवाय नवरे फोन पुढे देत नाहीत. मागे एकदा ताईंच्या तोंडून एका नवऱ्यासमोर निकाल निसटला. विषाणू संबंधातून येतो एवढं त्याने कुठूनसं ऐकलं, आणि ती बिचारी सहा महिने माहेरी जाऊन बसली. तेव्हा ताईंनी कानाला खडा लावला.

संक्रांत जवळ आली तशी त्यांना युक्ती सुचली. दवाखान्यात हळदीकुंकू आहे, वहिनींना नक्की पाठवा, असं त्यांनी बाराही घरी कळवलं. हळदीकुंकवाला कोण नाही म्हणणार? अकराजणी नटूनथटून आल्या, तिळगूळ घेतला, आणि ताईंनी एकेकीला पडद्याआड नेऊन मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी हातात ठेवली. बाराव्या घरचा माणूस मात्र फोनवर अगदी सौम्यपणे म्हणाला होता, "ताई, आमच्याकडे हे करत नाहीत." ताईंनी त्या नावापुढे 'नकार' लिहिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी गेल्या.

पुढची संक्रांतही उलटली. फेब्रुवारीत फेरतपासणीची यादी काढताना ते नाव पुन्हा समोर आलं. दीक्षा बुद्धभूषण भालेराव. ताईंनी चष्मा काढून डोळे चोळले. बौद्ध घरात आपण हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं होतं. त्या माणसाने तपासणीला नाही म्हटलंच नव्हतं, कारण तपासणीबद्दल त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तीस वर्षं या भागात काढून एवढंही सुचू नये, याची त्यांना लाज वाटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात खरं, पण इथे भोगायचं दुसरीलाच होतं.

त्याच संध्याकाळी, दुखरे गुडघे घेऊन, ताई भालेरावांकडचे तीन जिने चढल्या. दीक्षा कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कामावरून नुकतीच घरी आली होती. ताईंनी तिला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं, हळदीकुंकवासकट.

"हे केव्हाचं आहे?" दीक्षाने विचारलं.

"तेरा महिने झाले. चूक माझी आहे."

"मी शिकलेली बाई आहे हो," दीक्षा म्हणाली. "नुसतं तपासणीला या म्हटलं असतंत तरी आले असते."

ताईंनी पर्समधून हॉस्पिटलची चिठ्ठी काढून तिच्या हातात ठेवली.

नवऱ्याला दीक्षाने स्वतःच सांगितलं. मंगळवारी तो रजा टाकून तिच्याबरोबर हॉस्पिटलात आला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट ताईंच्या टेबलावर आला. कर्करोग नव्हता. त्याच्या अलीकडची, अगदी शेवटची पायरी होती. तेवढा भाग काढावा लागणार, आणि पुढे वर्षानुवर्षं तपासण्या. तेरा महिन्यांपूर्वी हे एवढं नसतं का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. हे 'सांगता येत नाही' आता ताईंना जन्मभर पुरणार होतं.

त्यांनी फोन लावला. तो बुद्धभूषणने घेतला.

"मी दवाखान्यातून जया बोलतेय. दीक्षाचा रिपोर्ट आलाय. तिच्याशीच बोलायचंय."

त्याने काही न विचारता फोन तिच्याकडे दिला. पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला.

"बोला ताई," दीक्षा म्हणाली. "या वेळी सगळं खरं सांगा."