केरूची माती

रंगनाथने केरूची कबर नांगरायचं ठरवलं तेव्हा त्याला वाटलं, यात भांडण्यासारखं काय आहे? जागा ती केवढी, दोन खाटांएवढी. पण ती त्याच्या गुलछडीच्या वावराला लागून होती, आणि शेजारी मोकळी माती दिसली की या माणसाला अन्न गोड लागत नसे.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यांची दफनभूमी ओढ्याच्या अंगाला, आणि केरूची कबर तिच्या अगदी कडेला. वर एक लाकडी क्रूस होता, तो पावसाळ्यात नाहीसा झाला. रंगनाथ म्हणाला, गुरांनी मोडला. गुरं क्रूस मोडतील, पण मोडून घरी नेत नाहीत. हे त्याच्या तोंडावर कोण बोलणार? त्याचा मेव्हणा पंचायतीत बसलेला. मग रंगनाथ पारावर सांगू लागला की तिथं कुणाला पुरलेलंच नाही, केरूला पार आत पुरलं, त्याची बायको उगाच माझा बांध अडवते.

केरूची बायको गोजराबाई पंचायतीत गेली तर साक्षीदार आण म्हणाले. ख्रिस्ती साक्षीदार घरचे म्हणून चालेनात. बाकीच्या गावाला, केरूला खांदा द्यायला आलेल्यांनासुद्धा, काही आठवेना. मेव्हण्याला भिऊन माणसांची आठवण कशी जाते ते आमच्या गावात येऊन बघावं.

शुक्रवारी बांधावर जुंपली. दुपारभर चर्चमध्ये बसून गोजराबाई नाशिकहून उपाशीपोटी परतत होती. रंगनाथने तिला अडवून विचारलं की आज तुमचा गुड फ्रायडे ना, मग तोंड असं का?

"आज आमच्या देवाला खिळे ठोकले," ती म्हणाली.

रंगनाथ पोट धरून हसला. असल्या दिवसाला गुड म्हणणारे लोक शहाणे कसे, असं त्याने रस्त्याने जाणाऱ्यांना थांबवून विचारलं. गोजराबाईने त्याला हसू दिलं. मग एवढंच म्हणाली की माझ्या माणसाच्या अंगावर नांगर घालू नका.

"कुठं हाय तुझा माणूस? दाव ना," रंगनाथ म्हणाला.

रविवारी त्यांचा मोठा सण, एवढं त्याला ठाऊक होतं. बाकी ख्रिस्ती सणांची त्याची माहिती नाताळच्या केकपर्यंत. त्याने हिशेब केला की पहाटेच सगळे नटूनथटून नाशिकच्या चर्चला जातील, दफनभूमीत चिटपाखरू नसेल. ट्रॅक्टरवाल्या लहानूला त्याने उजाडायच्या आत बोलावलं.

पोचतो तो दफनभूमी माणसांनी भरलेली. देव पहाटे कबरीतून उठला, म्हणून हे लोक ईस्टरची पहाट कबरींपाशीच काढतात. सगळे पांढऱ्या कपड्यांत, प्रत्येक कबरीवर मेणबत्ती आणि फुलं, नाशिकहून आलेले चर्चचे पाळक आणि चार पाहुणे. कडेच्या जागेवर गोजराबाई डोळे पुसत बसलेली. पांढरे कपडे, फुलं आणि रडणारी विधवा बघून रंगनाथने ठरवून टाकलं की हे केरूचं वर्षश्राद्ध.

शहरातली माणसं ट्रॅक्टरकडे बघायला लागली. परक्यांपुढं भला माणूस दिसायची रंगनाथला भारी हौस. त्याने टोपी काढली, सख्खा भाऊ गेल्यासारखं तोंड केलं आणि गोजराबाईजवळ जाऊन हात जोडले. पाळकांनी नम्रपणे विचारलं, आपण कोण?

"शेजारी," रंगनाथ म्हणाला. "केरूच्या मातीला मीच खड्ड्यात उतरून हात दिला व्हता. ह्याच जाग्यावर. लय भला माणूस."

लहानूने ट्रॅक्टर बंद केला. गोजराबाई उठून उभी राहिली.

"रंगनाथभाऊ, परत बोला. मागच्यांना ऐकू आलं नाय."

आणि त्या शहाण्याने ते परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, जागेवर पाय आपटून.

"मी बी ऐकलं," लहानू वरून म्हणाला. "आता मी काय नांगर खाली सोडत नाय. पंचायतीत इचारलं तर हेच सांगीन."

तेव्हा कुठं रंगनाथच्या डोक्यात उजेड पडला. पण पाळकांनी त्याचा हात हातात घेतला होता आणि पाहुणे त्याला शेजारधर्माबद्दल धन्यवाद देत होते. गोजराबाईने नवा क्रूस करून आणला होता. त्यासाठी खड्डा घ्यायला लहानूने ट्रॅक्टरवरची पहार काढून रंगनाथच्या हातात दिली. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. रंगनाथने घाम गाळत खड्डा घेतला आणि क्रूस उभा केला.

पंचायतीत मग त्याच्या मेव्हण्यालाही मान खाली घालून जागा केरूची म्हणून मान्य करावी लागली. रंगनाथची अक्कल मात्र होती तेवढीच राहिली. अजूनही कोणी ईस्टर म्हणजे काय विचारलं तर तो मोठ्या जाणकारीने सांगतो की ओढ्याकडेच्या कबरीत आमचा केरू हाय, त्याचं वर्षश्राद्ध असतं. आम्ही गोजराबाईला म्हटलं, अहो, त्याला खरं काय ते सांगा एकदा.

"सांगू द्या की," ती म्हणाली. "केरू कुठं निजलाय ते तर बरोबर सांगतोय."