तीन नंबरच्या कोर्टाचा वायपर

मी एक जुना वायपर आहे. गाडीच्या काचेवर मान हलवणारा नव्हे. लांब दांड्याचा, दोन हात रुंद रबराचा. मित्रांनो, पुरुष व्यावसायिकांची टेनिस स्पर्धा होते, तिथल्या उघड्यावरच्या हार्ड कोर्टांचं पाणी मी वीस वर्षं ओढलं.

कोर्टांची देखभाल करणाऱ्या काकांनी मला घडवलं. दांडा जुन्या शिडीचा, रबर टायरच्या ट्यूबचं. "चल लंब्या," ते म्हणायचे, "लोकांनी छत्र्या मिटायच्या आत आपलं आटोपलं पाहिजे." एकदा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, तर काकांनी मलाच वाकवून आभार मानले!

मग वारा फेकणारं यंत्र आलं आणि मी कोठीच्या दाराआड गेलो. कोळ्यांनी माझ्या अंगावर संसार थाटले. गेल्या वर्षी काका वारले.

यंदा उपांत्य सामन्याच्या दिवशी त्यांची मुलगी सामान न्यायला आली. टोपी, डबा, चपला. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, हा वायपरही न्या. नाहीतर भंगारातच जाणार."

तेवढ्यात एक सर येऊन गेली. यंत्राने तीन नंबरचं कोर्ट झटक्यात वाळवलं. खेळाडू उतरले. ती मला घेऊन थेट मागच्या रेषेवर उभी राहिली.

"पाच मिनिटं थांबा."

"अहो ताई, कोरडं ठणठणीत आहे!"

"इथे बुजवलेली भेग आहे. वरचं वाळलं तरी आतलं पाणी मागाहून येतं. बाबा दर वेळी थांबायचे."

"सगळीकडे थेट प्रक्षेपण चाललंय!"

"मग मीही दिसेन. हलणार नाही."

डावखुरा खेळाडू बाकावर बसला. "घोटा माझा आहे. थांबतो मी."

उंच खुर्चीतल्या पंचांनी घड्याळ पाहिलं. चौथ्या मिनिटाला निळ्या रंगावर एक ओली, काळपट रेघ उमटली. सर्व्हिस करताना डावखुऱ्याचा पाय नेमका जिथे पडला असता, तिथे.

पाणी येत राहिलं, ती मला ओढत राहिली. रेघ उमटायची थांबली, तेव्हाच ती बाजूला झाली.

"याला आता काचेच्या कपाटात ठेवू," व्यवस्थापक नरमाईने म्हणाले.

"कपाट कशाला? रबर बदला आणि कोर्टाशेजारी खिळ्याला टांगा."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं सांगून आत्मकथा सांगणारे माझे भाऊबंद निरोप घेतात. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. दांडा घट्ट करा आणि पाऊस उघडला की हाक मारा. झिजून संपेन, पण दाराआड उभा राहणार नाही.