पहिल्या सुराला हात सोडा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, आज हळूच बोलणार आहे. एरवी माझा आवाज अंबडच्या एमआयडीसीत चार गल्ल्या पलीकडे जायचा. मला त्याचा गर्व होता आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

दिसायला मी साधाच. लाल रंगाचा लोखंडी डबा, पुढे जाळीचं तोंड आणि बाजूला फिरवायची मूठ. मूठ फिरवली की आतलं चाक गरगरतं आणि माझा सूर खालून सुरू होऊन वर वर चढत जातो. वीज लागत नाही. लागतो तो एक दणकट हात, आणि तो हात होता चिमाजींचा.

चिमाजी एका इंजिनिअरिंग कारखान्यात टाइम ऑफिसचे शिपाई होते. एकोणनव्वद साली मी खोक्यातून बाहेर आलो, तेव्हा माझ्या तोंडातला भुसा त्यांनीच फुंकून काढला. शिफ्ट सुरू होताना आणि सुटताना मला वाजवायचं हे त्यांचं काम. भोंगा झाला की काम बंद, एवढाच कंपनीचा नियम होता. चिमाजींनी तो आणखी कडक केला.

"पहिल्या सुराला हात सोडायचा," ते लेथवरच्या पोरांना बजावत. "एवढा एक जॉब पुरा करतो, असं म्हणायचं नाय. दमलेला हातच मशीनीत जातो. बोटं काय पुन्हा उगवत नाय!"

एखाद्याने हात काढायला उशीर केला, की दुसऱ्या दिवशी हे त्याच्या मशीनसमोर जाऊन उभे. सगळ्यांसमोर त्याची दहा बोटं मोठ्याने मोजायचे. पोरं लाजून लाल व्हायची. महिन्याभरात अशी सवय लागायची, की माझा पहिला सूर निघाला की साठ माणसांचे हात एकदम वर. मला ते बघायला फार आवडायचं. एवढा मान मंत्र्यालाही मिळत नसेल.

चिमाजींना दुसरं वेड होतं ते फुटबॉलचं. नाशकात ज्याला त्याला क्रिकेट, पण चिमाजी तरुणपणी देवळाली कॅम्पात कँटीनला होते. तिथे जवानांचे सामने बघून बघून त्यांना हा रोग जडला. आमच्या कारखान्याच्या पोरांनी टीम काढली, तेव्हा तिचे पहिले चाहते चिमाजी. पहिली दोन वर्षं तर एकमेव चाहते. पोरांकडे जर्सी नव्हत्या, कंपनीने कामासाठी दिलेल्या निळ्या डांगरीच गुडघ्यापर्यंत कापून ती खेळायची. म्हणून टीमचं नाव पडलं डांगरीवाले.

शहाण्णव साली कारखान्यात विजेची घंटा आली आणि माझी रवानगी भंगारात होणार होती. चिमाजींनी मला साहेबांकडून मागून घेतलं आणि थेट कारखान्यामागच्या ग्राउंडवर नेलं. तिथे माझं नवीन काम ठरलं: आपला गोल झाला की भोंगा. गोल झाल्यावर सगळे थांबतातच, त्यामुळे माझ्या आवाजाने पोरांच्या पायात काय होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढच्याच वर्षी डांगरीवाल्यांनी जानेवारीतल्या स्पर्धेची शिल्ड जिंकली. ती टाइम ऑफिसच्या काचेच्या कपाटात बसली. चिमाजी रोज सकाळी तिला कोरड्या फडक्याने पुसत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुसतापुसता अख्खा सामना सांगत.

मग आला अठ्ठ्याण्णवचा अंतिम सामना. ग्राउंड आमचंच, समोर देवळालीच्या तोफखान्याचे जवान. बरोबरी झाली तर शिल्ड आमच्याकडेच राहणार होती. चिमाजी त्या महिन्याच्या अखेरीला रिटायर होणार होते. त्यांची एकच इच्छा होती, शिल्ड कपाटात ठेवून मगच घरी जायचं. आदल्या दिवशी त्यांनी कपाटाची काचसुद्धा साबणाने धुतली.

त्यांच्या पत्नी वत्सलाबाई मखमलाबादच्या मळ्यातून झेंडूचा हार घेऊन आल्या होत्या. फूल त्यांच्या घरचं, गुंफणही त्यांची. फुटबॉलमधलं त्यांना इतकंच कळायचं, की जो जिंकेल त्याच्या गळ्यात हार घालायचा.

थंडी कडाक्याची होती, तरी कंपाउंडच्या भिंतीवर बसायला जागा नव्हती. पहिला गोल त्यांचा. मग आमचा कॅप्टन ललित, टर्निंग खात्यातला, त्याने लांबून असा काही मारला की जाळी हलली. मी पोटभर ओरडलो. एक-एक.

शेवटची दोन मिनिटं उरली. तोफखान्याच्या नऊ नंबरने जोरदार फटका मारला. आमचा गोलकीपर कारभारी सुरगाण्याच्या डोंगरातला, हात सुपासारखे. त्याने झेप घेऊन बॉल अडवला! बॉल त्याच्या हाताला लागून पुढ्यात पडला. ललित तिथेच होता. एक लाथ मारून तो लांब धाडायचा, की झालं.

चिमाजींना आनंद आवरला नाही. गोल नव्हता, पण गोल वाचला होता. त्यांचा हात माझ्या मुठीवर गेला आणि मी सुरू झालो.

पहिल्या सुरालाच ललितचा उचललेला पाय तिथल्या तिथे थांबला. त्याचे दोन्ही हात वर गेले. डावीकडचा फिटर, उजवीकडचा वेल्डर, मागचा ड्रिलिंगवाला, आणि गुडघ्यावर बसलेला कारभारीसुद्धा! पाच जणांचे हात एकदम वर. अगदी शिफ्ट सुटल्यासारखे.

समोरचे थांबले नाहीत. ते कशाला थांबतील? तोफा धडाडत असताना शांतपणे चहा पिणारी माणसं ती. नऊ नंबरने बॉल हळूच आत सारला. दोन-एक.

आम्ही आमच्याच घरी एका गोलाने हरलो, आणि तो गोल माझ्यामुळे झाला. माझा सूर उतरायला वेळ लागतो. गोल होऊन गेला तरी मी आपला गुरगुरतच होतो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

वत्सलाबाई हार घेऊन मैदानात शिरल्या. चिमाजी म्हणाले, "अगं, आपण हरलो!" त्या म्हणाल्या, "मग काय झालं? फुलं काय परत न्यायची? सकाळधरून गुंफलाय मी." आणि त्यांनी तो हार सरळ नऊ नंबरच्या गळ्यात घातला. तो उंचापुरा गडी वाकून म्हणाला, "शुक्रिया, माताजी." तेवढंच काय ते हसू त्या संध्याकाळी आमच्या भिंतीवर उमटलं.

पोरं फार गुणाची. चिमाजींना कुणी एक शब्द बोललं नाही. ललित म्हणाला, पाय घसरला. कारभारी म्हणाला, "ऊन डोळ्यात गेलं, काका." पण ऊन एकाच्या डोळ्यात जातं, पाच जणांचे हात वर कसे जातील? चिमाजींना ते कळत होतं. रिटायर झाले त्या दिवशी रिकाम्या कपाटाकडे न बघता घरी आले. मला गोणपाटात गुंडाळलं आणि मळ्यातल्या शेडमध्ये खुंटीला टांगलं. म्हणाले, "आता तूबी गप आणि मीबी गप." त्यानंतर ते ग्राउंडवर गेले नाहीत.

दोन-अडीच वर्षं उलटली. वत्सलाबाईंना फ्लॉवर भरायला गोणपाट हवं होतं, त्यांनी माझं काढून नेलं. मग एका चिमणीने माझ्या फुटक्या जाळीतून आत घर केलं. साठ माणसांना थांबवणारा मी, आणि ही बया मला अंडी सांभाळायला लावते! पण एक कबूल करतो, सोबत बरी वाटली. खंडेनवमीला वत्सलाबाई खुरप्या-फवाऱ्याबरोबर मलाही झेंडूची माळ घालायच्या. चिमाजी तेव्हाही माझ्याकडे बघायचे नाहीत.

दोन हजार सालच्या डिसेंबरात ललित आणि कारभारी मळ्यावर आले. चहा झाला, पानाफुलांच्या गप्पा झाल्या. मग ललित म्हणाला, "काका, भोंगा हवाय."

चिमाजींचा चेहरा पडला. "कशाला? त्यानंच तर घात केला. त्यानं म्हणजे मीच."

"आम्हाला ठाऊक आहे," ललित म्हणाला. "तेव्हाच ठाऊक होतं."

चिमाजी खाली बघू लागले. तेव्हा कारभारी उठला. त्याने आपले दोन्ही पंजे चिमाजींच्या नाकासमोर पसरले.

"मोजा, काका."

"काय?"

"मोजा म्हंतो ना! पहिलं कसं मोजायचे?"

चिमाजींनी मोजली. एक, दोन, करता करता दहा.

"शेजारच्या कंपनीतल्या प्रेस मशीनवर तीन जणांची बोटं गेली," कारभारी म्हणाला. "आपल्याकडं एकाचं नाय. माझं हे बोट दोनदा वाचलं, तुमच्या ह्या लाल डब्यामुळं. गोलाचं काय लय मोठं हाय? गोल परत करता येतो."

चिमाजींनी उपरण्याने डोळे पुसले. माझ्याही आतलं चाक हललं असावं, कारण पोटातली चिमणी भुर्रकन उडाली.

"सरावाला या," ललित म्हणाला. "मध्येच केव्हाही वाजवा. मशीनवर थांबायचं आणि ग्राउंडवर नाही, एवढं शिकायचंय आम्हाला."

पहिल्या रविवारी मी ओरडलो तर सगळे हात वर! हसून हसून पोरं गवतात लोळली. दुसऱ्या रविवारी पाच जण, तिसऱ्या रविवारी दोघे. चौथ्या रविवारी मी जीव तोडून ओरडलो, कुणी ढुंकूनही बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा कुणी मान राखला नाही आणि मला आनंद झाला.

जानेवारीत पुन्हा तेच ग्राउंड, तोच तोफखाना. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन-एकने मागे होतो. ललित ओरडला, "काका, वाजवा!" चिमाजींनी मूठ फिरवली. एकही हात वर गेला नाही. फिटर धावत होता, वेल्डर धावत होता, कारभारी गोल सोडून पुढे पळत होता. बॉल खांबाला लागून बाहेर गेला आणि शिट्टी झाली.

पुन्हा आमच्याच घरी, पुन्हा एका गोलाने हरलो.

"पण ह्या टायमाला आपल्यामुळं नाय!" चिमाजी भिंतीवरून ओरडले, आणि दिसेल त्याला हेच सांगत सुटले. वत्सलाबाईंनी हार या वेळी सरळ माझ्या गळ्यात घातला. त्या म्हणाल्या, "ह्याला तरी कोण घालणार?"

मग अकरा डांगरीवाले चालत आमच्या भिंतीपाशी आले. एका ओळीत उभे राहिले. दोन्ही हात वर केले आणि बोटं पसरली.

चिमाजी मोजायला लागले. एकशे दहा भरली.

आज माझी मूठ सैल झालीय आणि चिमाजींचा खांदाही. तरी रविवारी आम्ही दोघं ग्राउंडवर असतो. शिल्ड काही परत आलेली नाही. कधी तिकडून गेलात आणि मी ओरडलो, तर एवढंच करा: मशीनवर असाल तर पहिल्या सुराला हात सोडा. आणि बॉल पायात असेल, तर माझं मुळीच ऐकू नका.