सासूबाईंचा पक्का भूगोल

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी भर पंगतीत पडो!

एक होत्या सासूबाई. नजर गेली, पण रुबाब गेला नव्हता. जुन्या घरात भिंतीच त्यांना वाट द्यायच्या. नवीन घर मात्र मेलं ओळखच देईना. रोज कुठेतरी आपटायच्या. कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं, तशी लेकीनं फोनवर फर्मान काढलं, "आई, रविवारी येते. तुला घेऊनच जाणार."

सासूबाईंनी फोन ठेवला तो आदळूनच. लेकीकडे जायचं म्हणजे सोफ्यावर बसायचं आणि कुणी हातात देईल ते खायचं. आपली शेगडी कायमची सुटणार!

सून शाळेत भूगोल शिकवायची. लग्न ठरताना सासूबाईंनी तिच्या माहेरचा सगळा इतिहास-भूगोल खणून काढला होता, पण तिच्या विषयाला कधी हिंग लावून विचारलं नव्हतं.

"नद्या नि डोंगर! घरात बसून काय करायचेत?" फोनचा राग आता सुनेवर निघाला.

"आई, आपण कुठे आहोत आणि आजूबाजूला काय आहे, ते कळणं म्हणजे भूगोल."

"मग मला कळू दे की!"

सून इरेला पेटली. एक फळी घेतली. भिंतींच्या जागी सुतळी चिकटवली, दारांना बटणं लावली, शेगडीच्या जागी बाटलीचं झाकण बसवलं. खाटेसमोरच्या भिंतीवर हात पोचेल अशी फळी टांगली.

सासूबाईंनी चाचपून पाहिलं. "शेगडी उजवीकडे. कळलं!" पातेलं घेऊन तरातरा उजवीकडे गेल्या, ते थेट न्हाणीघरात. पातेलं वॉशिंग मशीनवर ठेवून काडी ओढणार, तोच सून धावली.

"आई, थांबा! कपडे शिजवताय की काय?"

"तुझा नकाशाच चकवा आहे!"

सुनेनं कपाळावर हात मारला. "सवयीनं उत्तर दिशा वर काढली हो मी! पण या भिंतीकडे तोंड केलं की समोर दक्षिण येते. डावं-उजवं उलटंच झालं. पोरांनी असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं मी."

"मग राहा उभी!"

सून खरंच स्टुलावर चढली आणि तिथूनच फळीची वरची बाजू खाली करून टांगली.

रविवारी लेक आली ती मोठी बॅग घेऊनच. "बस गं, चहा टाकते," म्हणत सासूबाईंनी फळीवर बोटं फिरवली आणि डावीकडे वळल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग वास आला, मग ट्रे घेऊन त्या स्वतः आल्या. एक थेंब सांडला नाही.

लेकीचा आ वासलेलाच. "आई, तुला दिसायला लागलं?"

"छे गं! भूगोल पक्का झालाय." आणि सुनेचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "हिनं शिकवला. अख्ख्या गल्लीत दाखव अशी सून!"

लेक चहा प्यायली आणि बॅग रिकामीच घेऊन परत गेली.

आता एक कबूल करते. ते शेवटचं कौतुक मी पदरचं घातलं. सासूबाई प्रत्यक्षात एवढंच म्हणाल्या, "हिनं फळीवर मोरी जरा तिरकी काढलीय." पण दंड काही सोडला नाही, आणि मान अशी ताठ, की त्या बोलण्यातलं कौतुक ओळखून सून गालात हसली!